पहिला आला, मग कुठे गेला?

गेले पाच-सहा विकांत मी एका एक्सेल फाइलीत घालवले. घरच्यांच्या मते वाया घालवले. आठवडाभर हापिसात दुसऱ्यांच्या डेटाची धुणीभांडी करायची आणि शनिवार-रविवार पुन्हा तेच, तेही फुकट, हे त्यांना काही केल्या पटत नाही. असो.

तर विषय असा. आमच्या नगर जिल्ह्यात, पाथर्डीच्या अंगाला एक गाव आहे. तिथे दर २६ जानेवारीला झेंडावंदन झालं की 'भव्य मॅरेथॉन' होते. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे ज्यांच्याबद्दल लिहिणार आहे त्यांची परवानगी मी घेतलेली नाही. प्रश्न एवढाच, की आजवर त्या स्पर्धेत सगळ्यात वेगात कोण पळालं? खरं तर हे पाच मिनिटांचं काम. वर्ष, नाव, गाव, अंतर, वेळ असे रकाने करायचे, वेळेप्रमाणे क्रम लावायचा, वरच्या दहा ओळी घ्यायच्या. झालं!

पण झालं असं की वेळेचा रकाना भरेचना.

नगरच्या जिल्हा वाचनालयापासून सुरुवात केली (हे वाचनालय १८३८ सालचं, म्हणजे देशात आगगाडी धावायच्या पंधरा वर्षं आधीचं. नगरकरांना याचं काही वाटत नाही ते सोडा). मग गावातल्या लोकांनी जपलेली कात्रणं, प्रमाणपत्रं, ट्रॉफ्यांवर कोरलेली अक्षरं, फ्लेक्सचे मोबाइलवर काढलेले फोटो, जे मिळेल ते. तालुक्याच्या गावातल्या मॅरेथॉनची बातमी वाचली असेल तर तुम्हाला तिचा साचा पाठ असणार. आधी उद्घाटन कुणी केलं, झेंडा कुणी दाखवला, व्यासपीठावर कोण कोण होतं. दीड रकाना यातच जातो. मग शेवटच्या परिच्छेदात 'प्रथम क्रमांक' म्हणून एक नाव, पुढे कंसात गाव, पुढे बक्षिसाची रोख रक्कम आणि ती कुणाच्या स्मरणार्थ कुणी दिली ते. की आभारप्रदर्शन. माणूस किती वेळात आला? चकार शब्द नाही.

सुरुवातीला चिडचिड झाली. पण कात्रणांमागून कात्रणं वाचत गेलो तसं जाणवलं की हा निष्काळजीपणा नाही. लिहिणाऱ्याला जे महत्त्वाचं वाटलं ते त्याने न चुकता लिहिलंय. नाव, गाव, रुपये. या तिन्हींत खाडाखोड नाही. वेळ मात्र कुणी विचारलाच नाही, कारण पहिला आला म्हणजे आला, त्यात मिनिटं-सेकंद कशाला?

बारामतीच्या लता भगवान करे आठवतात ना? नऊवारीत, अनवाणी पळून ज्येष्ठांच्या शर्यतीत पहिल्या आल्या आणि बक्षिसाचे पैसे नवऱ्याच्या तपासणीसाठी लागणार होते. त्यांच्यावर सिनेमा निघाला, २०२० साली, त्यात त्यांनी स्वतःच काम केलं, राष्ट्रीय पुरस्कारांत त्याची विशेष दखलही घेतली गेली. साडी सगळ्यांना आठवते, अनवाणी पाय आठवतात, पैसे कशाला हवे होते तेही आठवतं. त्यांनी किती मिनिटं घेतली हे मला तरी आजवर कुणी सांगितलेलं नाही. आणि ती शर्यत होती तीन किलोमीटरची. पण आपल्याकडे तिलाही मॅरेथॉनच म्हणतात. 'मॅरेथॉन बैठक' म्हणतो तसंच हे. लांबलचक आणि दमवणारं ते सगळं मॅरेथॉन. खऱ्या मॅरेथॉनचं अंतर ४२.१९५ किलोमीटर, हे १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये पळवलं गेलं आणि १९२१ मध्ये कायमचं ठरलं, ही माहिती गावात सांगून पाहिली. "बेचाळीस? मंग एसटीनं जा की" असं उत्तर मिळालं.

मधल्या एका विकांताला कंटाळून मी चेव आल्यासारखी मुंबई मॅरेथॉनची फाइल केली. नीटनेटका डेटा बघितला की आमच्या जमातीला बरं वाटतं. पहिली मुंबई मॅरेथॉन १५ फेब्रुवारी २००४ ची. जिंकला दक्षिण आफ्रिकेचा हेन्ड्रिक रामाला, वेळ २:१५:४७. पुढे बारा वर्षांनी, २०१६ मध्ये, नितेंद्रसिंग रावत भारतीयांत पहिला आला तो २:१५:४८ मध्ये. म्हणजे पहिल्या वर्षीच्या विजेत्यापेक्षा बरोब्बर एक सेकंद जास्त! आणि २०१७ मध्ये टी. गोपी आशियाई मॅरेथॉन जिंकला, तीही २:१५:४८ मध्ये. याला काही अर्थ नाही हे मलाही कळतं. पण अशा जागी मी दोन मिनिटं थांबून चहा पितो.

त्याच २०१६ च्या सकाळी मुंबईत पहिला आलेला गिडियन किपकेटर २:०८:३५ मध्ये पोचला होता. सात मिनिटांचं अंतर. आपल्याकडे शिवनाथसिंगने १९७८ साली जालंधरला २:१२:०० ची वेळ दिली होती आणि पुढची चाळीस वर्षं उलटून गेली तरी कुठला भारतीय त्याच्या खाली आला नाही. हा शिवनाथसिंग १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये अकरावा आला होता आणि अनवाणी पळायचा.

बायकांच्या यादीत तर अजून एक मजा सापडली. खरं तर मजा नाही, हळहळ म्हणायला हवी. मॅरेथॉनचा जुना राष्ट्रीय विक्रम सत्यभामा यांचा, १९९५ चा, २:३९:१०. जानेवारी २०१५ मध्ये मुंबईत आपल्या साताऱ्याच्या ललिता बाबरने २:३८:२१ ची वेळ दिली. एकोणीस-वीस वर्षांचा विक्रम मोडला म्हणायचा की नाही? नाही. कारण त्याच सकाळी ओ. पी. जैशा तिच्या बावन्न सेकंद आधी, २:३७:२९ मध्ये, पोचली होती. विक्रमांच्या यादीत ललिताची ओळच नाही. जुन्या विक्रमापेक्षा वेगात पळालेली बाई यादीत नाही, ही गोष्ट डेटाबेसवाल्या माणसाला नीट समजते, पण पचत नाही. (पुढच्याच वर्षी तिने रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठली, १९८४ च्या पी. टी. उषानंतर ट्रॅकवरच्या अंतिम फेरीत गेलेली पहिली भारतीय बाई. त्यामुळे तिचं काही अडलं नाही.)

मुंबईच्या फाइलीत वेळ सेकंदापर्यंत आहे, बंदुकीच्या आवाजापासूनची वेगळी आणि चिप रेषेवरून गेल्यापासूनची वेगळी. पण त्या फाइलीत गाव नाही! ललिता बाबर माण तालुक्यातल्या मोहीची, २०१७ मध्ये २:५०:५३ वेळ देऊन भारतीय बायकांत पहिली आलेली ज्योती गवते परभणीची, हे मला वर्तमानपत्रांतून शोधून भरावं लागलं. गावाकडच्या फाइलीत वेळ नाही आणि मुंबईच्या फाइलीत गाव नाही. दोन्ही तक्ते जोडायचे तर सामायिक रकाना उरतो तो नुसत्या नावाचा, आणि मराठी नावांच्या इंग्रजी स्पेलिंगांवर मी काही बोलत नाही. शहराचंच बघा ना. नगर, अहमदनगर, ए'नगर, आणि २०२४ पासून अहिल्यानगर. एकाच गावच्या एकाच पोराच्या चार प्रमाणपत्रांवर चार जिल्हे.

बरं, समजा वेळ मिळाली असती. तरी अंतर? मोठ्या शर्यतींचा रस्ता सायकलच्या चाकाला जोन्स काउंटर नावाचं यंत्र लावून मोजतात, आणि कमी भरू नये म्हणून किलोमीटरमागे एक मीटर मुद्दाम जास्त धरतात. मॅरेथॉनला बेचाळीस मीटर. एवढं करूनही गोंधळ होतात. बँकॉकला २०१५ मध्ये वळण चुकीच्या जागी ठेवल्याने अर्धमॅरेथॉनवाले एकवीसऐवजी सत्तावीस किलोमीटर पळून आले होते. आणि मोजलेल्या रस्त्यावरचाही विक्रम धरतीलच असं नाही. २०११ मध्ये बोस्टनला जेफ्री मुताई २:०३:०२ मध्ये आला, तेव्हाच्या विश्वविक्रमापेक्षा जवळजवळ मिनिटभर आधी, पण तो रस्ता एका दिशेने जाणारा आणि उताराचा, म्हणून विक्रम नाही. आमच्या गावची शर्यत वेशीपासून पेट्रोल पंपापर्यंत आणि परत. 'दहा किलोमीटर'. नकाशावर मोजलं तर दहाला बरंच कमी भरतं. शिवाय मध्ये एक नवा पंप झालाय, अलीकडे. कुठल्या वर्षी कुठल्या पंपाला वळसा घातला यावर गावात अजून दोन तट आहेत.

या टप्प्यावर शहाण्या माणसाने फाइल बंद केली असती. पण वेळ नाही तर नाही, निदान सगळ्यात जास्त वेळा पहिला कोण आला एवढं तरी काढू म्हटलं. त्याला नावं पुरतात. काढलं. आणि एक विचित्र गोष्ट दिसली. जवळजवळ कुणीच दुसऱ्यांदा जिंकलेलं नाही. मुंबईच्या यादीत तीच तीच नावं येतात. सुधा सिंग, रावत, गोपी, श्रीनू बुगाथा. इथे पोरगं एका वर्षी पहिलं येतं आणि दुसऱ्या वर्षी गायब. पहिल्या तिनांतही नाही. अपवाद एकच. एक जण चार वेळा पहिला आलाय, सलग. त्याच्यापुढे मी फाइलीत पिवळा रंग भरून ठेवला.

गावच्या शाळेतून रिटायर झालेले पीटीचे सर आहेत. सगळे म्हणाले, सरांकडे वही आहे. एका रविवारी सकाळी गेलो. वही म्हणजे शाळेच्या हजेरीपटासारखी लांबट, वरून ब्राऊन पेपर, आणि एक नाही, तीन. स्टॉपवॉच गळ्यात अडकवून सर दरवर्षी शेवटच्या रेषेशी उभे राहायचे. म्हणजे वेळ होती! सेकंदांसकट होती. (ती इथे देत नाही. पेट्रोल पंपाचं वर सांगितलंच.) पण वेळेच्या पुढे सरांचा आणखी एक रकाना होता. त्याला मथळा नाही. त्यात लाल शाईने एकच शब्द, बहुतेक ओळींपुढे. 'लागला'.

नगर-बीडकडच्या वाचकांना हे सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. लागला म्हणजे नोकरीला लागला. भरती झाला. मिलिटरीत, पोलिसात, एसआरपीत.

"पुढच्या वर्षी कामून पळंल तो?" सर म्हणाले. "ट्रेनिंगला गेला ना."

या पट्ट्यात पाऊस कमी. पाथर्डी काय, शेजारचं आष्टी काय, दिवाळी झाली की बैलगाड्या आणि ट्रक कारखान्यांकडे निघतात आणि माणसं उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. २६ जानेवारी म्हणजे ऐन गाळपाचे दिवस. शर्यतीच्या रेषेवर उभ्या असलेल्या कित्येक पोरांचे आईबाप तेव्हा उसाच्या फडात असतात. पोरं आजीपाशी राहून पहाटे चारला डांबरी रस्त्यावर पळत असतात. कारण सैन्यभरतीत १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांच्या आत मारलं की पैकीच्या पैकी गुण, हे गणित वर्षानुवर्षं इथल्या प्रत्येक आठवीतल्या पोराला पाढ्यांसारखं पाठ. दहा किलोमीटरची शर्यत ही त्या साडेपाच मिनिटांची तयारी. बक्षिसाच्या रकमेतून बूट यायचे.

आणि मग तो चार वेळा पहिला आलेला. त्याच्या चारही ओळींपुढे लाल शाई नव्हती.

मी काही विचारलं नाही. सरांनीच बोट ठेवलं. "हा लई चांगला होता. पळण्यात कुणी ऐकत नव्हता याला. मिलिटरीला मेडिकलमध्ये जायचा, दरवेळी. मंग एकविसाचा झाला, तिकडचं संपलं. पोलिसाचं अठ्ठावीसपर्यंत चालतं, तर लेखीत राह्यला. म्हणून दरवर्षी इथं." थोडं थांबून म्हणाले, "लोक टाळ्या वाजवायचे चौथ्या वर्षी. मला वाजवाव्या नाही वाटल्या."

पिवळा रंग मी घरी येऊन काढला नाही. राहू दिला. पण 'सर्वाधिक विजय' असा मथळा त्यावर होता, तो काढून टाकला.

हे कळल्यावर मुंबईची फाइल पुन्हा उघडली. रावत, गोपी, बुगाथा, २०१७ चा खेताराम, सगळे फौजेतले. सुधा सिंग रेल्वेत. ललिता बाबरही रेल्वेत होती, मग राज्य शासनाने महसूल खात्यात अधिकारी केलं. म्हणजे तिथे वर्षानुवर्षं तेच नाव दिसतं कारण ते लागलेले आहेत. पगार चालू आहे, खुराक आहे, कोच आहे. आणि आमच्या गावच्या यादीत तेच नाव पुन्हा दिसलं तर तो लागलेला नाही. दोन्हीकडे गणना तीच, सूत्र तेच, अर्थ बरोब्बर उलटा. इतकी वर्षं एसक्यूएल लिहितोय, असं कधी पाहिलं नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, अविनाश साबळे कुठेय? तोच तर गंमतीचा भाग आहे. तो माझ्या फाइलीत बसत नाही. मांडवा हे त्याचं गाव आष्टी तालुक्यात, म्हणजे जिल्हा बीड. आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, पण जिल्ह्याची गाळणी लावली की बाहेर. (आष्टी-नगर रेल्वे २०२२ मध्ये सुरू झाली. जिल्ह्याची हद्द ओलांडायला तिला काही अडचण आली नाही, मला येते.) साबळे बारावीनंतर ५ महारमध्ये भरती झाला. सियाचीनला ड्यूटी केली. आणि २०१५ च्या सुमारास फौजेच्या क्रॉसकंट्रीत पळायला लागला. म्हणजे आधी लागला, मग पळायला लागला! २०१८ मध्ये त्याने स्टीपलचेसमधला गोपाल सैनीचा १९८१ पासूनचा विक्रम मोडला. २९ नोव्हेंबर २०२० ला दिल्लीत अर्धमॅरेथॉन १:००:३० मध्ये पळाला, एकसष्ट मिनिटांच्या आत येणारा पहिला भारतीय.

सवयीने मी त्याचा भागाकार केला. किलोमीटरला दोन मिनिटं बावन्न सेकंद. म्हणजे १.६ किलोमीटरला चार मिनिटं पस्तीस. भरतीतल्या साडेपाच मिनिटांच्या परीक्षेपेक्षा पंचावन्न सेकंद कमी, आणि अशा तेरा परीक्षा मध्ये न थांबता, एकापाठोपाठ एक. हे सरांना सांगितलं तर त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि नुसते "हं" म्हणाले. मग म्हणाले, "त्याला पैल्या झटक्यात घेतलं ना फौजेनं. नायतर तोबी आपल्या पंपाला वळसा घालीत बसला असता."

आता फाइलीत नवा रकाना आहे. मथळा 'लागला?' असा दिलाय. मुलांच्या ओळी सरांच्या वहीतून भरून झाल्या. मुलींच्या राहिल्यात. मुलींची शर्यत नंतर सुरू झाली, ती तीन किलोमीटरची, तिची वेगळी वही. तिच्यात लाल शाई आहे पण पूर्ण शब्द नाही. सरांनी वेळ वाचवायला नुसतं 'ल.' लिहिलंय. बऱ्याच ओळींपुढे.

त्यांना विचारलं, सर, ल म्हणजे लागली, की लग्न?

सरांनी वही माझ्या हातातून घेतली. चष्मा खाली ओढला आणि पहिल्या पानापासून बोट फिरवायला सुरुवात केली. मी लॅपटॉप उघडून बसलो.

"ही पोलिसात. मुंबईला असती. ही लग्न. ही लग्न. हीसुद्धा लग्न, बारावीच्या आतच. ही..." बोट थांबलं. "ही होमगार्ड का काय, विचारून सांगतो. ही लग्न. ही दोन्ही."

"दोन्ही कसं लिहू, सर?"

"लिही की. आधी लागली, मंग लग्न. ती अजून पळती."